बेकार कोणाला म्हणायचं?

स्पेनच्या एका सिनेमाबद्दल लिहितो आहे. पण स्पेनसाठी नव्हे, गिरणगावासाठी आणि आपल्यासाठी. नाहीतर नाशिकच्या पोरांना तिकडच्या गोदीशी काय देणंघेणं?

'लॉस लुनेस आल सोल', म्हणजे 'उन्हातले सोमवार'. दिग्दर्शक फर्नांडो लेऑन दे अरानोआ, साल २००२. जहाजं बांधायचा कारखाना बंद पडलेला. कामगार घरी बसलेले. हावियेर बार्देमने केलेला सांता आणि त्याचे सोबती एका दोस्ताच्या बारमध्ये बसतात, एकमेकांना टोचतात, उन्हात पडून राहतात. लिनो केस काळे करून जवान पोरांच्या रांगेत नोकरी मागतो. होसे बायकोच्या पगारावर जगतो आणि ते त्याला आतून खातं. म्हातारा अमादोर मरतो तेव्हा कळतं, हा माणूस कसल्या घरात एकटा राहत होता. बस्स. एवढाच सिनेमा.

आंदोलनात सांताने रस्त्यावरचा दिवा फोडलेला असतो. कोर्ट भरपाई मागतं, ८,००० पेसेटा. रक्कम किरकोळ, पण तो भरायला तयार नाही. शेवटी भरतो आणि बाहेर येऊन तोच दिवा पुन्हा फोडतो. हे प्रकरण पैशाचं नाहीच. मी गुन्हेगार नाही, माझं काम तुम्ही काढून घेतलंत, एवढंच त्याला म्हणायचं आहे. मी या सिनेमाला मानतो ते यासाठी. बेकाराच्या हातात उरलेला रिकामा वेळ तो रिकामाच दाखवतो. त्यात मसाला भरत नाही.

आता आपल्याकडे या. १८ जानेवारी १९८२ला मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्यांच्या जमिनीवर पुढे मॉल आणि टॉवर उभे राहिले. जयंत पवारांनी यावर 'अधांतर' हे नाटक लिहिलं आणि २०१०मध्ये महेश मांजरेकरांनी त्यावरून 'लालबाग परळ' काढला. हिंदीत तोच 'सिटी ऑफ गोल्ड'. चाळीतलं एक कुटुंब कसं उसवत जातं ते त्यात आहे. सीमा बिस्वासची आई खरी वाटते. पण सिनेमाला रिकाम्या वेळाची भीती वाटते. पोरगा टोळीत जातो, पिस्तुलं निघतात, रक्त उडतं आणि बेकारीचा सवाल भाईगिरीच्या धुरळ्यात गडप होतो. हजारो घरांतला बाप पिस्तूल न धरता नुसता भिंतीकडे बघत बसला, त्याचा सिनेमा कोणी काढायचा?

माझं खरं भांडण पुढे आहे. हा सिनेमा गिरणी दाखवतो, पण गिरणीतलं खातं विचारत नाही. मित्रांनो, गिरणीत खात्याला जात होती. विणकामाच्या खात्यात पगार जास्त. धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा आपण तोंडाला कसा लावायचा, ही सवर्ण कामगारांची अडचण! म्हणून अस्पृश्यांना विणकामाचं दार बंद. ते बहुतेक सूतकताईच्या कमी पगाराच्या कामात. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. मालकाशी लढताना एकजूट हवी म्हणता, मग धोट्याशी ही एकजूट का अडते?

धोटा सांताच्या गोदीत नव्हता. म्हणून अरानोआला मी दोष देत नाही. पण लालबागचा सिनेमा काढणाऱ्याला 'आम्हाला जात दिसली नाही' असं म्हणता येणार नाही. न दिसणं हीसुद्धा एक सोय असते. संपात रिंगखात्यातला आपला माणूसही देशोधडीला लागला. पडद्यावर मात्र 'मराठी कामगार' एवढंच नाव उरलं. त्या नावात तो कुठे आहे?

ज्याचं काम गेलं त्याला बेकार म्हणतात. ज्याला कामाच्या दारातच अडवलं त्याला काय म्हणायचं? त्याची ना संपात नोंद, ना भरपाईच्या यादीत, ना सिनेमात.

आणि काम मिळालं म्हणजे इज्जत मिळाली, असंही नाही. आपल्या विहितगावच्या बाबूराव बागुलांनी हे १९६३लाच लिहून ठेवलंय. 'जेव्हा मी जात चोरली होती'मधला पोरगा रेल्वेत नोकरीला लागतो. काम आहे, पगार आहे, पण राहायला खोली हवी तर जात लपवावी लागते. जात उघडी पडते तेव्हा मार बसतो. सांताला काम परत मिळालं तर त्याची इज्जत परत येईल. बागुलांच्या नायकाला काम असूनही ती मिळत नाही. दोन बेकारींतला हा फरक आपल्या टीकेने सोडता कामा नये.

फेब्रुवारी १९३८मध्ये आपल्याच जिल्ह्यात, मनमाडला, बाबासाहेब रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांसमोर बोलले. कामगाराचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, असं त्यांनी बजावलं. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला ते औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांबरोबर संपात उतरले. म्हणजे एकजुटीला त्यांचा नकार नव्हता. एका शत्रूला झाकून दुसऱ्याशी लढायला नकार होता. मनमाडचा हा मापदंड घेऊन बसलात की कुठलाही कामगार सिनेमा तपासता येतो. स्पेनचा सिनेमा एक शत्रू नीट ओळखतो. 'लालबाग परळ' त्या एकालाही अर्ध्यावर सोडून भाईच्या मागे धावतो.

तेव्हा जयंतीच्या पडद्यावर 'उन्हातले सोमवार' जरूर लावा. वस्तीतल्या पोरांना सांताचा दिवा समजेल, भाषा आडवी येणार नाही. पण सिनेमा संपल्यावर लगेच खुर्च्या उचलू नका. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ठेकेदाराच्या हाताखाली राबणारे, काम सुटलं की 'कामगार' या नावालाही मुकणारे तिथे बसलेले असतील. गटारीत उतरणाऱ्यांच्या घरचेही असतील. त्यांना विचारा, तुमचं खातं कोणतं? ते कोणी ठरवलं? उत्तरं वहीत उतरवून घ्या. आपला सिनेमा त्या वहीतून निघेल.