एकच वचन, दोन निष्कर्ष : ‘कैरॉस दस्तऐवज’ कसा वाचावा?

धर्मग्रंथ आणि सार्वजनिक जीवन यांच्या संबंधावर संशोधन करायचं म्हटलं की एक पेच लगेच समोर येतो. एखादा पाळक किंवा बिशप म्हणतो, “पवित्र शास्त्रात असं आहे, म्हणून मंडळीने आणि सरकारने असं वागलं पाहिजे.” यातलं ‘म्हणून’ कुठून आलं? वचनातून, की बोलणाऱ्याच्या परिस्थितीतून? आपलं काम त्या ‘म्हणून’पाशी सुरू होतं. आज ते एका मजकुरावर करून पाहू. मजकूर आहे दक्षिण आफ्रिकेतला १९८५ चा ‘कैरॉस दस्तऐवज’.

हा दस्तऐवज माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाचा विषय आहे. पहिला मसुदा मार्गदर्शकांना दिला, तेव्हा तो समासात एक प्रश्न लिहून परत आला : “वर्णभेदवाल्यांना लावलेला नियम यांनाही लावलास का?” खरं सांगतो, मला राग आला. वर्णभेदाला बायबलचा आधार देणारे आणि त्याविरुद्ध जीव धोक्यात घालून लिहिणारे एकाच तराजूत कसे तोलायचे? दोन-तीन दिवसांनी चूक लक्षात आली. कोण न्यायाच्या बाजूने होतं हा एक प्रश्न. कोणी वचनाचा अर्थ कसा लावला हा दुसरा. मी पहिल्याचं उत्तर दुसऱ्याच्या जागी लिहून मोकळा झालो होतो.

आधी पार्श्वभूमी

दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या केप सिनॉडने १८५७ साली एक ठराव केला. धर्मांतर करून आलेल्यांना आहे त्याच मंडळीत सामावून घेणं इष्ट आणि शास्त्राला धरून आहे, असं ठरावात मान्य केलं होतं. पण काहींच्या ‘दुर्बलतेमुळे’ अडचण येत असेल तर वेगळी उपासना चालेल, अशी सवलतही दिली होती. म्हणजे तत्त्व एक आणि व्यवहार दुसरा. पुढे सवलतीचाच नियम झाला, आणि १८८१ मध्ये गौरेतरांसाठी वेगळं मिशन चर्च उभं राहिलं.

१९७४ मध्ये याच चर्चने वंश आणि राष्ट्र या विषयावर मोठा अहवाल काढला. त्यात बाबेलच्या बुरुजाची कथा होती आणि ‘प्रेषितांची कृत्ये’ १७:२६ हे वचनही होतं. हे वचन जरूर उघडून बघा. सर्व राष्ट्रं एकापासून निर्माण झाली, असं पहिला भाग सांगतो. देवाने त्यांच्या वस्तीच्या सीमा ठरवल्या, असं दुसरा. वेगळेपणाच्या समर्थकांनी दुसऱ्या भागावर भर दिला, विरोधकांनी पहिल्या. आणि या सगळ्याचा हेतू सांगणारं २७ वं वचन? सर्वांनी देवाचा शोध घ्यावा, हा तो हेतू. सीमांच्या वादात तोच मागे पडला.

दस्तऐवजाचं म्हणणं

जुलै १९८५ मध्ये सरकारने देशाच्या अनेक भागांत आणीबाणी लावली. सप्टेंबरमध्ये हा दस्तऐवज आला. त्यावर दीडशेहून अधिक लोकांच्या सह्या होत्या. ‘कैरॉस’ हा ग्रीक शब्द आहे. अर्थ, निर्णायक घटका.

मांडणी तीन प्रकारच्या ईश्वरविद्येची आहे. पहिली ‘राज्याची’ : रोमकरांस पत्राचा १३ वा अध्याय दाखवून सत्तेपुढे मान तुकवायला सांगणारी. दुसरी ‘चर्चची’ : समेट, न्याय, अहिंसा हे शब्द चांगल्या मनाने वापरणारी, पण कोणाचा कोणाशी समेट आणि कोणाच्या व्याख्येतला न्याय हे न विचारणारी. तिसरी ‘संदेष्ट्यांची’ : अन्याय ओळखून बाजू घेणारी.

जमेची बाजू

रोमकर १३ वरचं विवेचन हा दस्तऐवजाचा सगळ्यात भक्कम भाग आहे. लेखक वचन टाळत नाहीत. ते विचारतात, पौलाने हे कोणाला लिहिलं? आपण ख्रिस्ती झालो, आता कोणत्याच सत्तेचं बंधन नाही, असं समजणाऱ्यांना, असं त्यांचं उत्तर आहे. म्हणजे राज्यसंस्था असावी की नसावी एवढ्यापुरता तो मुद्दा आहे. राज्यकर्ता लोकांच्या हिताचा सेवक आहे असं तिथे गृहीत धरलं आहे. तो तसा राहिलाच नाही तर काय करावं, हे त्या ओळींत सांगितलेलं नाही. त्यासाठी ते बाकीच्या बायबलकडे वळतात : फारो, बाबेल, आणि प्रकटीकरणाच्या १३ व्या अध्यायातलं श्वापद.

दुसरी जमेची गोष्ट म्हणजे टीका घरातूनच सुरू होते. सरकारवर बोट ठेवणं त्यामानाने सोपं होतं. वर्णभेदाचा निषेध करणाऱ्या आपल्याच चर्चनेत्यांना ‘तुमचं बोलणं सुरक्षित आहे’ असं सांगणं अवघड होतं. हिंसेबद्दलचा त्यांचा प्रश्न आजही टोचतो. दगड मारणारा पोरगाही हिंसक आणि गोळी झाडणारा शिपाईही हिंसक, असा एकच शब्द दोघांना लावला की लपतं कोण?

कुठे कमी पडतो?

पहिली गोष्ट, निर्गम. रोमकर १३ वाचताना ‘कोणाला, कधी, का लिहिलं’ हे विचारणारे लेखक मिसरमधल्या गुलामांच्या कथेपाशी आले की ती थेट आपल्या काळावर ठेवतात. पण हीच कथा आफ्रिकानेर लोकांचीही होती! १८३० च्या दशकात केप वसाहत सोडून आत निघालेल्या आपल्या पूर्वजांकडे ते इस्रायल म्हणून बघत होते. त्यांचा फारो म्हणजे ब्रिटिश सत्ता. एकच कथा दोघांना आपली वाटते, तेव्हा कोणतं वाचन जास्त योग्य आणि का, हे सिद्ध करावं लागतं. ते शक्यही होतं, कारण नियमशास्त्र इस्रायललाच बजावतं की तुम्ही मिसरमध्ये परके होता, म्हणून परक्याला छळू नका. या धाग्याने आफ्रिकानेरांचं वाचन आतूनच उसवलं असतं. हे काम दस्तऐवजात होत नाही.

दुसरी गोष्ट, पुरावा. ‘चर्चची ईश्वरविद्या’ हे चित्र नेत्यांची भाषणं आणि निवेदनं यांवरून काढलेलं आहे. पण कोणतं निवेदन, कोणाचं, कोणत्या तारखेचं, हे वाचकाला बहुतेक ठिकाणी कळत नाही. जाहीरनाम्यात हे चालून जातं. तुम्ही मात्र ते वर्णन पुरावा म्हणून जसंच्या तसं उचलू नका, मूळ निवेदनं शोधा.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पश्चात्तापाशिवाय समेट नाही, असं दस्तऐवज ठामपणे सांगतो. तत्त्व म्हणून पटतं. पण पश्चात्ताप झाला हे ठरवायचं कोणी? डेस्मंड टुटू यांनी दस्तऐवजावर सही केली नव्हती. १९९० मध्ये रुस्टेनबर्गच्या परिषदेत डच रिफॉर्म्ड चर्चचे विली योंकर यांनी वर्णभेदाच्या पापाची कबुली दिली, तेव्हा टुटूंनी ती तिथेच स्वीकारली. ते इतक्या झटकन स्वीकारणं सगळ्यांना रुचलं नाही. पुढे टुटूंच्याच अध्यक्षतेखाली सत्य आणि समेट आयोग बसला. त्याच्या कायद्यात माफीसाठी संपूर्ण सत्य सांगणं आणि कृत्यामागे राजकीय हेतू असणं आवश्यक होतं. पश्चात्ताप दाखवण्याची अट नव्हती. कैरॉसच्या मापाने हा समेट अपुरा ठरतो. मग माप जास्त कडक होतं, की आयोगाने जास्त सोडून दिलं? उत्तर घाईने देऊ नका. आपल्या माणसाचा खून करणारा शांतपणे सगळं सांगून मोकळा सुटतो, हे ऐकत बसलेल्या घरच्यांसाठी हा प्रश्न पुस्तकी नव्हता.

तुम्ही काय कराल?

धर्मवचनाचा सार्वजनिक वापर तपासताना वहीत चार रकाने आखा.

१. वचनाचा कोणता भाग घेतला, आणि मागचं-पुढचं काय सोडलं?
२. मूळ वाचक कोण होते, आणि आजचे श्रोते त्यांच्या जागी बसतात का?
३. हेच वचन विरुद्ध बाजूने कोणी वापरलं आहे का?
४. या अर्थाची किंमत कोण मोजतं : बोलणारा, की ऐकणारा?

आणि रकाने दोन्ही बाजूंसाठी भरा. आवडत्या बाजूचे आधी भरा, कारण हात तिथेच आखडतो. माझं प्रकरण असं पुन्हा लिहिल्यावर अठरा पानं वाढली, आणि कैरॉसबद्दलचा आदर कमी झाला नाही. फक्त आता तो का वाटतो, हे मला तोंडी परीक्षेत सांगता येईल.

सरावासाठी रोमकर १२:९ पासून १३:१० पर्यंत एका बैठकीत वाचा. सत्तेबद्दलच्या ओळींच्या आधी काय आहे आणि नंतर काय आहे, ते पाच वाक्यांत लिहून काढा. पुढच्या लेखात त्यावरूनच संशोधन-प्रश्न कसा तयार करायचा ते पाहू.