क्रिल्बो आणि कार्लफेल्ट

गांवाचा इतिहास म्हटला कीं लेखकाची लेखणी आपोआप जुनेपणाच्या शोधास लागते. चर्चची घंटा कोणत्या शतकांतली, राजाची सनद कोणत्या सालची, यांवर पानांमागून पानें खर्ची पडतात. स्वीडन देशांतील रेल्वेच्या गांवांपुढें असा लेखक अगदींच निराधार होतो. ज्या गांवाचा जन्म वेळापत्रकांत नोंदलेला, त्याचें जुनेपण आणावें कोठून? मग तो इंजिनांचीं वर्णनें करूं लागतो, आणि गांवचीं माणसें फलाटावरच उभीं राहतात. डालार्ना प्रांताच्या दक्षिणेस असलेलें क्रिल्बो हें असेंच एक गांव. त्याच्या निमित्तानें एका मोठ्या कवीकडे थोड्या निराळ्या दृष्टीनें पाहतां येईल, असें आम्हांस वाटतें.

अशीं गांवें निपजलीं तीं निल्स एरिक्सन या स्थापत्यविशारदाच्या धोरणामुळें. (अमेरिकेच्या यादवी युद्धांत गाजलेलें 'मॉनिटर' हें चिलखती जहाज रचणारा जॉन एरिक्सन तो याचाच धाकटा भाऊ.) 1855 सालीं सरकारी लोहमार्गांचें काम निल्सकडे आलें. मुख्य मार्ग जुन्या शहरांस टाळून विरळ वस्तीच्या मुलखांतून न्यावा, म्हणजे जेथें कांहीं नाहीं तेथें कांहीं तरी उत्पन्न होईल, असा त्याचा हिशेब होता. डावललेल्या शहरांस तो रुचला नाहीं. पण तो खरा ठरला. हेस्लेहोल्म, कत्रिनेहोल्म व नेशो हीं स्टेशनें 1860 ते 1864 या काळांत उघडलीं, आणि 1914 ते 1917 च्या दरम्यान तिन्ही ठिकाणांस शहराचा दर्जा मिळाला.

क्रिल्बो त्या मानानें लहानच राहिलें. उत्तरेकडे जाणारा सरकारी मार्ग तेथें 1873 सालीं पोहोंचला. नोर्बेरीच्या खाणींकडील व बोरलेंगेकडील खासगी मार्ग पुढें त्यास येऊन मिळाले. अशा गांवाचा मध्य म्हणजे चर्च नव्हे, स्टेशन. तेथील मानपान जमिनीवर ठरत नसे, हुद्द्यावर ठरे. शेतकऱ्याचा दिवस सूर्यावर चाले, या लोकांचा घड्याळावर. आणि तें घड्याळ तरी त्यांचें कोठें होतें? 1879 सालीं साऱ्या देशास एकच वेळ लागू झाली. त्यापूर्वीं रेल्वेची वेळ गोथेनबर्गची असे आणि गांवची आपापली. गाड्यांना जेवणाचे डबे जोडूं लागण्यापूर्वीं उतारूंनीं ठराविक स्टेशनांवर उतरावें, ठरलेले पैसे टाकून हवें तें आपल्या हातानें वाढून घ्यावें, व गाडी सुटण्याच्या आंत उरकावें, अशी रीत होती. क्रिल्बोच्या भोजनगृहाचा त्या काळीं लौकिक होता. गांवाचा खरा इतिहास आम्हांस या घाईच्या जेवणांत आणि तीं रांधणाऱ्या हातांत दिसतो.

बाहेरच्या जगास मात्र क्रिल्बो ठाऊक आहे तें एका स्फोटामुळें. 19 जुलै 1941 रोजीं पहांटे जर्मनांची दारूगोळ्याची गाडी तेथील स्टेशनांत उडाली. 24 माणसें जखमी झालीं. सुदैवानें कोणी दगावलें नाहीं. तटस्थ म्हणविणाऱ्या देशाच्या रुळांवरून हा माल जात होता, ही गोष्ट स्वीडनला अडचणीची वाटली तर नवल नाहीं. घातपात कीं अपघात, हा वाद पुढें दशकेंच्या दशकें चालला. पण त्या एका पहांटेनें आधींचीं अडुसष्ट वर्षें झांकून टाकावीं, हा गांवावर अन्याय होय.

या गांवापासून थोड्याच अंतरावर, त्याच फोल्कॅर्ना चर्चच्या हद्दींत, कार्लबो नांवाच्या खेड्यांत एरिक अक्सेल कार्लफेल्ट हा कवि 1864 सालीं जन्मला. आगगाडी आली तेव्हां तो आठनऊ वर्षांचा होता. पुढें तो स्वीडिश अकादमीचा चिटणीस झाला, आणि 1931 सालीं, मृत्यूनंतर, त्यास नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. 1898 व 1901 सालच्या संग्रहांत त्यानें उभा केलेला फ्रिडोलिन हा शिकूनसवरून पूर्वजांच्या शेताकडे परतलेला शेतकरी आहे. सुगी, नाच, डालार्नाच्या घरांतील भित्तिचित्रें, हें त्याचें विश्व. चार्ल्स व्हार्टन स्टॉर्क यांनीं 1938 सालीं केलेल्या इंग्रजी भाषांतराचें नांव तर 'उत्तरेकडील आर्केडिया' अशा अर्थाचें आहे. भाषांतरकाराच्या श्रमांविषयीं आम्हांस आदर आहे. हें नांव मात्र वाचकास फसवितें. त्यावरून वाटतें कीं कवीच्या पायांखालची भूमि अढळ होती.

ती तशी नव्हती. 1885 सालीं वडिलांवर खोट्या कागदपत्रांबद्दल खटला होऊन त्यांस शिक्षा झाली, आणि कार्लबोचें घर कुटुंबाच्या हातून गेलें. रेल्वेनें जुनें जग बुडविलें व कवि त्याच्या नांवानें रडला, असा सोपा निष्कर्ष येथें काढतां येत नाहीं. हें घर बुडालें तें घरच्याच कारणांनीं. एरिक्सन हें आडनांव टाकून कार्लबोवरून कार्लफेल्ट हें नांव त्यानें घेतलें तें 1889 सालीं, म्हणजे गांव सुटल्यावर. फ्रिडोलिन ज्या शेताकडे परततो तें शेत त्याच्या निर्मात्याजवळ उरलेंच नव्हतें. मग क्रिल्बोच्या स्टेशनाभोंवतीं येऊन राहिलेला, बापाच्या शेतापासून तुटलेला रेल्वेचा नोकर आणि हा कवि, यांची अवस्था कितीशी निराळी? कवीनें तें साम्य आपल्या काव्याचा विषय केलें नाहीं. रुळांवर खपणाऱ्या माणसास फ्रिडोलिनच्या बागेंत आपला चेहरा सांपडणार नाहीं, आणि आमच्या मतें हें त्या काव्याचें न्यून आहे. पण क्रिल्बोच्या इतिहासकारानें त्या बागेवरून मान वळवून पुढें जावें, हें न्यून त्याहूनहि मोठें.

आतां क्रिल्बो आवेस्ता नगरपालिकेंत सामावलें आहे. स्टेशनाच्या पाटीवर आधीं आवेस्ता, मग क्रिल्बो. कार्लफेल्टची समाधि फोल्कॅर्नाच्या चर्चजवळ आहे.