'अधांतर' आणि गिरणगावाचा पुनर्विकास : घाटावरून केलेले एक वाचन

सारांश

मुंबईच्या गिरणगावाचा ऱ्हास आणि त्या जागेवर झालेला पुनर्विकास हा आधुनिक मराठी साहित्याच्या दृष्टीने महत्त्वाचा विषय आहे. प्रस्तुत लेखात जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकाचा या अनुषंगाने विचार केला आहे. ऑगस्ट विल्सन यांच्या 'रेडिओ गोल्फ' (२००५) या अमेरिकन नाटकाशी त्याची मर्यादित तुलनाही केली आहे. गिरणगावाच्या ऱ्हासाचा मोठा भार कोकणाबरोबरच सातारा-सांगलीकडील गावांनी उचलला. ही बाजू आपल्या नागर साहित्यात आणि त्याच्या समीक्षेत अपुरी राहिली आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रस्तावना

१८५० च्या दशकात कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेव येथे मुंबईतील पहिली कापडगिरणी उभी केली. पुढील शतकभरात परळ, लालबाग, भायखळा, वरळी, शिवडी या भागात गिरण्या व चाळी यांची दाट वस्ती तयार झाली. तिलाच 'गिरणगाव' हे नाव मिळाले. या नावात 'गाव' आहे, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. येथे आलेला कामगार प्रामुख्याने रत्नागिरी, सातारा, पुणे, कोल्हापूर या जिल्ह्यांतून आलेला होता. तो येताना आपले गाव सोबत घेऊन आला आणि जाण्यासाठी गाव मागे राखूनही आला.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. वेतनवाढ, बदली कामगारांना कायम करणे आणि एकाच संघटनेला प्रातिनिधिक मान्यता देणारा १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करणे या त्याच्या प्रमुख मागण्या होत्या. हा संप रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. 'अधांतर' हे या विरण्यानंतरचे नाटक आहे. वाईतील वर्गात या नाटकाविषयी बोलताना, कोणाचे आजोबा 'मिलमध्ये' होते असे विचारले की काही हात हमखास वर होतात. परंतु नाटकातील कोणत्या पात्राशी त्यांचे साम्य वाटते, असे विचारले तर वर्ग गप्प होतो. या गप्प होण्याचा अर्थ शोधणे, हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

'ऱ्हास' आणि 'पुनर्विकास' : दोन संज्ञांची तपासणी

औद्योगिक शहरांच्या ऱ्हासाची चर्चा करताना अमेरिकेतील डेट्रॉइट वा पिट्सबर्ग यांचे दाखले नेहमी दिले जातात. डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाखांच्या घरात होती. २०१० मध्ये ती सुमारे सात लाखांवर आली. माणसे गेली, घरे ओस पडली, जमिनीचा भाव कोसळला आणि २०१३ मध्ये शहराला दिवाळखोरी जाहीर करावी लागली. तेथे ऱ्हासाचा अर्थ डोळ्यांना दिसतो.

गिरणगावाचे चित्र याच्या नेमके उलट आहे. येथे गिरण्या बंद पडत असताना त्यांच्या खालच्या जमिनीची किंमत चढत होती. एका मर्यादेनंतर कापडापेक्षा जमीन अधिक मोलाची ठरली, तेव्हा गिरणी चालवण्यापेक्षा ती बंद असणे अधिक फायद्याचे झाले. म्हणून डेट्रॉइटवरून घेतलेली 'ऱ्हास' ही संज्ञा येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. गिरणगावात जागेचा ऱ्हास झाला नाही. त्या जागेवर राबणाऱ्या माणसाचा झाला.

'पुनर्विकास' या शब्दाचेही असेच आहे. सुमारे सहाशे एकर गिरणी-जमिनीसाठी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने तीन वाटे सुचवले होते : एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची, इमारतींखालच्या जमिनीची नाही, असे ठरले. या एका फरकाने सार्वजनिक वाटा फारच आक्रसला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये या बदलाविरुद्ध दिलेला निर्णय मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फिरवला. लोअर परळची फिनिक्स मिल मॉलमध्ये रूपांतरित झाली. परिसराला 'नवजीवन' मिळाले हे खरे. पण जीवन जागेला मिळाले आणि ज्यांच्यामुळे ती जागा नावारूपाला आली ते त्यातून वगळले गेले. जयंत पवार यांच्या २०१२ च्या साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त कथासंग्रहाचे 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' हे शीर्षक वाचताना मराठी वाचकाला ही मिल आठवल्याशिवाय राहत नाही. मिथकातील पक्षी राखेतून उठतो तेव्हा तोच असतो. येथे मात्र राख एकाची आहे आणि उठणारा दुसराच आहे. पुनर्विकासाची याहून नेमकी व्याख्या नगररचनेच्या अहवालांत क्वचितच सापडेल.

'अधांतर' : खोलीतून दिसणारा ऱ्हास

गिरणगावातच वाढलेल्या जयंत पवार (१९६०–२०२१) यांनी 'अधांतर'साठी निवडलेले स्थळ गिरणीचे आवार नाही की मोर्चाचा रस्ता नाही. ती चाळीतील एक खोली आहे. धुरी कुटुंबातील आई, तिचे तीन मुलगे आणि मुलगी मंजू यांच्या परस्परसंबंधांतून संपाचे परिणाम उलगडत जातात. थोरला बाबा लेखक होऊ पाहतो, मोहन क्रिकेटमध्ये गुंतलेला आहे, तर नरू टोळीच्या वाटेला लागलेला आहे.

या रचनेचे महत्त्व असे, की संप येथे घटना म्हणून येत नाही, हवामान म्हणून येतो. गिरणीच्या भोंग्याने केवळ पाळी ठरत नव्हती. घरातले झोपणे, उठणे, डबा भरणे, खोलीत कोणी केव्हा असावे हे सारे त्याने ठरत होते. दहा-बारा माणसे एका खोलीत राहू शकत होती, कारण ती सारी एकाच वेळी खोलीत नसत. भोंगा थांबला आणि माणसे एकमेकांसमोर येऊन पडली. 'अधांतर'मधील सततची भांडणे, टोमणे, अंगावर धावून जाणे याकडे काही वेळा केवळ वास्तववादी संवादकौशल्य म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते हा हिंसाचार नाटकाच्या आशयाचाच भाग आहे. काम गेले की वेळेची वाटणी जाते, आणि वेळेची वाटणी गेली की तीच जागा अपुरी पडू लागते.

या नाटकाची दुसरी शक्ती म्हणजे त्यात स्मरणरंजन नाही. गिरणगाव म्हणजे एकोपा, भजनी मंडळे, गणपती, शाहिरी असे गोड चित्र आज सर्रास रंगवले जाते. हे सारे तेथे होतेच; परंतु त्याच गिरण्यांच्या विणकाम खात्यात दलित कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून त्यांच्या स्पर्शाला विरोध होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न पुढे आणला होता. भूतकाळ सोनेरी होता असे मानून पुनर्विकासावर टीका करणे म्हणूनच पुरेसे नाही. 'अधांतर' हा मोह टाळते. याच नाटकावर आधारित 'लालबाग परळ' (२०१०) हा महेश मांजरेकर यांचा चित्रपट पुढे आला आणि विषय मोठ्या प्रेक्षकवर्गापर्यंत गेला. पडद्याचा आवाका मोठा असला, तरी खोलीची कोंडी रंगमंचावरच अधिक नेमकी जाणवते.

'रेडिओ गोल्फ'शी तुलना

ऑगस्ट विल्सन (१९४५–२००५) हे पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीत जन्मले. त्यांच्या दहा नाटकांच्या मालिकेपैकी नऊ नाटके याच वस्तीत घडतात. १९५० च्या दशकात या वस्तीचा खालचा भाग 'नूतनीकरणा'साठी पाडण्यात आला. सुमारे आठ हजार रहिवासी विस्थापित झाले आणि तेथे एक भव्य क्रीडागृह उभे राहिले. मालिकेतील शेवटचे नाटक 'रेडिओ गोल्फ' २००५ मध्ये रंगभूमीवर आले. त्याचा काळ मात्र १९९७ हा आहे. 'अधांतर' रंगभूमीवर आले ते हेच वर्ष.

'रेडिओ गोल्फ'चा नायक हार्मंड विल्क्स त्याच समाजातील सुशिक्षित विकासक आणि महापौरपदाचा उमेदवार आहे. वस्ती 'ऱ्हास पावलेली' असल्याचे अधिकृतपणे जाहीर झाले की सरकारी निधी मिळणार, म्हणून तो त्या घोषणेची वाट पाहतो. ऱ्हास ही स्थिती असण्याबरोबरच एक कागदोपत्री गरजही असते, हे विल्सन यांनी अचूक हेरले आहे. पुढे पाडायचे एक जुने घर रीतसर मार्गाने ताब्यात आलेले नाही, हे हार्मंडला कळते आणि तो ते घर वाचवण्याच्या बाजूने उभा राहतो.

दोन्ही नाटकांतील भेद उद्बोधक आहे. विल्सन यांच्या नायकाला निवड करता येते, कारण तो पुनर्विकासाच्या टेबलावर बसलेला आहे. धुरी कुटुंबापुढे असे टेबलच नाही. त्यांच्या डोक्यावरून निर्णय होतात आणि त्यांना ते परिणामांच्या रूपाने कळतात. विल्सन यांच्या नाटकात वाचवण्यासाठी एक घर आहे, त्या घराला मालक आहे. 'अधांतर'मधील कुटुंबाच्या पायाखाली स्वतःची म्हणावी अशी जमीन नाही. शीर्षक या अर्थाने अन्वर्थक आहे : जमिनीला भाव आला, तेव्हाच जमिनीवरची माणसे अधांतरी झाली.

घाटावरचे गिरणगाव

येथे या लेखातील मुख्य प्रश्न उपस्थित होतो. गिरणी कामगार खरोखर अधांतरी लटकत राहिला काय? पुष्कळांच्या बाबतीत तसे झाले नाही. ते गावी परतले. संप इतका दीर्घकाळ टिकला याचे एक मान्य कारण हे, की हजारो कामगार गावी जाऊन शेतावर, मजुरीवर तग धरून राहिले. संपाचा खर्च मुंबईपेक्षा गावांनी अधिक सोसला असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मनीऑर्डर थांबली, खाणारे तोंड मात्र वाढले; आणि एरवी बायकांनी सांभाळलेल्या घरात वर्षातून दोनदा येणारा पुरुष कायमचा येऊन बसला.

वाई, जावळी, पाटण, वाळवा, शिराळा या तालुक्यांतील गावांचा मुंबईशी असलेला संबंध मराठी साहित्याला अपरिचित नव्हता. वाळवा तालुक्यातील वाटेगावचे अण्णाभाऊ साठे मुंबईत गिरणीत राबले. 'मुंबईची लावणी'त त्यांनी धनिकांची व कष्टकऱ्यांची मुंबई समोरासमोर उभी केली आणि 'माझी मैना'त गावी राहिलेल्या स्त्रीला कामगाराच्या विरहाच्या केंद्रस्थानी आणले. वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे यांनी 'आंधळं दळतंय' या मुक्तनाट्यातून मुंबईतील मराठी माणसाचे स्थान काय, हा प्रश्न १९६० च्या दशकात विचारला. शाहिरी परंपरेत गाव आणि मुंबई ही एकाच आयुष्याची दोन टोके होती.

नंतरच्या नागर साहित्यात हा धागा विरळ झाला. नारायण सुर्वे यांच्या कवितेने कामगाराला प्रतिष्ठेचे स्थान दिले, पण ती कविता प्रामुख्याने शहरातच जन्मलेल्या जाणिवेची आहे. कोकणातील चाकरमान्याला मालवणी रंगभूमीने आवाज दिला. घाटावरून आलेला, गावकीच्या खोलीत वळकटी टाकणारा, खाणावळीत जेवणारा आणि कुटुंब गावीच ठेवणारा कामगार मात्र साहित्यात क्वचित नायक झाला. 'अधांतर'मधील कुटुंब चाळीत एकत्र राहणारे आहे. म्हणून त्यांची शोकांतिका खोलीत मावते. ज्याचे कुटुंबच दोनशे किलोमीटर दूर होते, त्याची शोकांतिका एका खोलीच्या नेपथ्यात मावणारी नाही. हा नाटकाचा दोष नव्हे. त्याचा परीघ आहे. दोष आहे तो या परिघालाच संपूर्ण गिरणगाव समजणाऱ्या समीक्षेचा.

नीरा आडारकर व मीना मेनन यांच्या 'कथा मुंबईच्या गिरणगावाची' या मौखिक इतिहासाने कामगारांचे स्वतःचे शब्द जपले, हे मोलाचे काम आहे. गावाकडची बाजू शोधायची तर आणखी एक साधन आपल्यापाशी आहे. हेमा राईरकर व गी प्वातव्हां यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. मुंबईला गेलेला भाऊ, नवरा, मुलगा हा ओवीचा नेहमीचा विषय आहे. ज्या स्त्रिया गिरणगाव कधीच पाहू शकल्या नाहीत, त्यांनीही गिरणगाव गायिले. या रचनांना 'लोकसाहित्य' या वेगळ्या कप्प्यात ठेवल्यामुळे गिरणगावाच्या साहित्याची चर्चा करताना आपण त्यांच्याकडे वळत नाही.

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. बंद गिरण्यांच्या जागेवर घर मिळावे म्हणून कामगार व वारस यांचे दीड लाखाहून अधिक अर्ज आले. २०१२ च्या सोडतीत ६,९२५ आणि २०२० च्या सोडतीत ३,८९४ घरे होती. पुढे मुंबईबाहेर शेलू व वांगणी येथे घरे देण्याच्या योजनेला कामगार संघटनांनी विरोध केला. अर्जदारांतील अनेकजण आज गावीच राहतात. 'तुम्ही तर गावी असता, तुम्हाला मुंबईत घर कशाला?' हा प्रश्न त्यांना सहज विचारला जातो. कामगार स्वखुशीने गावी गेला, असे गृहीतक या प्रश्नामागे आहे. साहित्याने परतीचा प्रवास सांगितला असता, तर हा प्रश्न इतक्या सहजपणे विचारता आला नसता.

निष्कर्ष

१. गिरणगावाच्या संदर्भात 'ऱ्हास' हा जागेचा नसून जागेवर राबणाऱ्यांचा आहे. त्यामुळे पाश्चात्त्य औद्योगिक शहरांच्या चौकटीत तो बसवताना काळजी घ्यावी लागते.

२. 'अधांतर'ने हा ऱ्हास वेळ, जागा आणि नातेसंबंध यांच्या विस्कळीतपणातून, स्मरणरंजन टाळून प्रकट केला आहे. हे त्या नाटकाचे टिकाऊ यश आहे.

३. 'रेडिओ गोल्फ'शी तुलना करता, पुनर्विकासाच्या निर्णयात सहभाग असणे व नसणे यांमुळे नाट्यरूप कसे बदलते हे स्पष्ट होते.

४. घाटावरील गावांत परतलेला कामगार व त्याला सामावून घेणारी स्त्री ही गिरणगावाच्या साहित्यातील मोठी उणीव आहे. ओव्या, शाहिरी वाङ्मय आणि मौखिक इतिहास यांच्या एकत्रित अभ्यासाने ती काही अंशी भरून काढता येईल.

हे काम मुंबईपेक्षा सातारा-सांगलीतील महाविद्यालयांना अधिक सुकर आहे. संपात वयाची तिशी-चाळिशी गाठलेले कामगार आज सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. वर्गात ज्यांचे हात वर होतात, त्या विद्यार्थ्यांनी घरी जाऊन आजोबांना, आणि त्याहून आधी आजीला, विचारले पाहिजे. त्यासाठी हाताशी असलेला वेळ फार नाही.