विश्रामबाग वाडा : लांकडी सांगाड्याची साक्ष

पुण्यांतील विश्रामबाग वाड्याविषयीं जें लिहिलें जातें तें बहुधा त्याच्या दर्शनी सज्जापाशींच थांबतें. सुरूच्या घाटाचे कोरीव खांब व त्यांवरील नक्षी यांची वाखाणणी करावयाची, दुसऱ्या बाजीरावाचें नांव घ्यावयाचें, आणि सबंध इमारतीवर 'पेशवेकालीन' अशी एकच मुद्रा उठवून मोकळें व्हावयाचें, असा प्रघात पडला आहे. स्तुति अस्थानीं नाहीं. सज्जा खरोखरच देखणा आहे. परंतु ती मुद्रा चुकीची असून तिच्यायोगें वास्तूस अपाय होतो, हें दाखविण्याचा येथें उद्देश आहे.

हा वाडा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं बाजीरावानें आपल्या राहण्यासाठीं बांधविला. इ. स. १८१८ मध्यें राज्य गेलें व धन्यास ब्रह्मावर्ताची वाट धरावी लागली. इ. स. १८२१ मध्यें येथेंच संस्कृत पाठशाळा उघडली. तिच्यांतून वाढलेलें डेक्कन कॉलेज इ. स. १८६८ मध्यें येरवड्याकडील नव्या इमारतींत गेलें. इ. स. १८७९ च्या मे महिन्यांत लावण्यांत आलेल्या आगींत बुधवारवाडा नष्ट झाला व विश्रामबागेचाहि मोठा भाग जळाला. तो पुढें पुन्हा उभारण्यांत आला. त्यानंतर नगरपालिकेच्या कचेऱ्याहि येथें नांदल्या. म्हणजे पेशव्याचा निवास जेमतेम एका तपाचा, आणि बाकीचें आयुष्य विद्यार्थ्यांचें, कारकुनांचें व सुतारांचें. ज्या पोथींत तीन-चार लेखकांचे हस्त आहेत तीस आपण केवळ पहिल्या लेखकाच्या शकानें ओळखीत नाहीं. मग वाड्यासच हा न्याय कां नसावा?

असे फेरफार वाड्याच्या अंगीं सहज जिरतात, याचें कारण त्याची रचना. दगडी जोत्यावर तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया व त्यांवर कडीपाट, असा हा सांगाडा असतो. आंतील भार बहुतांशीं खांबच वाहतात. मधल्या भिंती पुष्कळदां नुसत्या आडोशाच्या असतात. यामुळें भिंत काढून दालनाचा वर्ग करतां येतो, सोपा बंद करून कचेरी करतां येते, आणि एक खांब बदलला तरी शेजारचा जागचा हालत नाहीं. परंतु ज्या गुणामुळें वास्तु बदलते त्याच गुणामुळें ती बदलाची खूणहि राखते. खांबाच्या अंगीं रिकामी खांच दिसली कीं तेथें पूर्वीं तुळईचें कुसूं बसत असे हें उघड होतें. वाकसानें तासलेल्या लांकडावर लहान लहान खवले उठतात. यंत्राच्या वाटोळ्या करवतीनें कापलेल्या लांकडावर कमानदार रेघा राहतात. लोहारानें घडविलेला खिळा चौकोनी व निमुळता, तर कारखान्यांतील तारेचा खिळा वाटोळा. मंगळुरी कौलांचा कारखाना इ. स. १८६५ मध्यें निघाला. तेव्हां अशीं कौलें ज्या छपरावर असतील तें छप्पर त्यापूर्वींचें नव्हे. कागदावरील जलचिन्हाचें जें मोल, तेंच या कौलांवरील छापाचें.

मात्र येथें सावधगिरी हवी. जुनें सागवान मोलाचें म्हणून एका वाड्याचे खांब दुसऱ्यांत घालण्याची चाल होती. त्यामुळें लांकडाचें वय म्हणजे इमारतीचें वय नव्हे. जुन्या कोऱ्या कागदावर नवी सनद लिहितां येते, हें संग्राहकांस सांगणें नलगे. एकाच खुणेवरून निर्णय न देतां खांच, खिळा, हत्याराची खूण व दप्तरांतील उल्लेख हीं चारी एकमेकांशीं ताडून पाहिलीं पाहिजेत.

आतां खऱ्या चिंतेची गोष्ट. या वाड्याच्या दर्शनी भागाची दुरुस्ती अलीकडे झाली आणि वास्तु उभी राहिली हें चांगलेंच झालें. परंतु अशा वास्तु 'मूळ पेशवाई स्वरूपांत' आणाव्या, अशी जी मागणी वारंवार होते ती आम्हांस मान्य नाहीं. हें मूळ स्वरूप म्हणजे कोणत्या वर्षाचें? जळालेल्या भागाच्या जागीं पेशवाई धाटणीची नवी नक्षी बसविली, तर ती ग्रंथांत घुसडलेल्या क्षेपकासारखीच होईल. आणि आगीनंतरच्या सुतारकामास अस्सल नव्हे म्हणून उखडलें, तर पाठशाळेची, आगीची व पुनर्बांधणीची साक्ष एकदमच बुडेल. कुजलेली तुळई बदलावीच लागते, त्यास इलाज नाहीं. परंतु बदलण्यापूर्वीं तिचें मापी रेखाचित्र घ्यावें, प्रत्येक अवयवास क्रमांक द्यावा, नव्या लांकडावर न दिसेल अशा बाजूस साल कोरावें, आणि काढलेला तुकडा जळणांत न घालतां जपून ठेवावा.

संग्राहकांसहि एक विनंती आहे. पाडलेल्या वाड्यांची गणेशपट्टी, महिरप वा खांब विकत घेऊन दिवाणखान्यांत लावण्याची हौस वाढली आहे. कोणत्या वाड्याच्या कोणत्या चौकांतील तो अवयव, हें टिपून ठेविलें नाहीं तर तो पोथींतून फाडलेल्या पानासारखाच मुका होतो. नक्षी हातीं राहते, इतिहास जातो.