लशीचं नाव नसलेली व्याख्या

2004 साली 'व्हॅक्सिन' या नियतकालिकात तान्ह्या मुलांच्या आतड्याच्या एका विकाराची व्याख्या छापून आली. विकाराचं नाव इंटससेप्शन. सदरा घाईने उतरवताना बाही उलटी आत शिरते, तसा आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरतो, रक्तपुरवठा आवळला जातो आणि मूल कळवळून रडतं. ही व्याख्या लिहिली ती लशींच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या ब्रायटन कोलॅबरेशन या गटाने. हेतू असा की लस दिल्यानंतर कुठे काय घडलं, याच्या जगभरच्या नोंदी एकाच मापाने मोजता याव्यात. आणि एवढ्या सगळ्या निकषांत लशीचं नाव मात्र कुठेही नाही. माझ्या मते या मजकुराचं सौंदर्य सुरू होतं ते इथूनच.

त्याची किंमत कळायला थोडं मागे जावं लागेल. रोटाव्हायरसच्या जुलाबांवरची रोटाशील्ड ही लस अमेरिकेत 31 ऑगस्ट 1998 रोजी मंजूर झाली. मंजुरीपूर्व चाचण्यांत लस घेतलेल्या 10,054 मुलांपैकी पाच जणांना इंटससेप्शन झालं होतं आणि लस न घेतलेल्या 4,633 जणांपैकी एकाला. हा फरक योगायोगानेही पडू शकला असता. पुढे लस बाजारात आली. अमेरिकेत 1990पासून व्हेअर्स नावाची नोंदवही आहे. तिच्यात डॉक्टरही लिहू शकतो आणि मुलाची आईही. जुलै 1999पर्यंत तिच्यात या विकाराच्या 15 नोंदी जमल्या. तोवर दिलेले डोस होते सुमारे 15 लाख. नुसत्या आकड्यावरून कुणी घाबरलं नसतं, कारण लस नसतानाही काही बाळांना हा विकार होतोच. पण 15 पैकी 12 मुलांना त्रास सुरू झाला होता तो कुठल्या तरी डोसनंतरच्या पहिल्या आठवड्यात. ही गर्दी बोलकी होती. 16 जुलैच्या अहवालाने लस देणं थांबवायला सांगितलं आणि ऑक्टोबरात लशीची शिफारसच मागे घेतली गेली. पुढे जोखमीचा अंदाज निघाला तो साधारण दहा हजार मुलांमागे एक असा.

नोंदवहीने आपलं काम चोख केलं. पण अशा वहीत प्रत्येक जण आपापल्या भाषेत लिहितो. एकाने पोट उघडून पाहिलेलं असतं, तर दुसऱ्याने पोटदुखी आणि उलटी पाहून अंदाज बांधलेला असतो. दोघेही एकच नाव लिहितात आणि मोजणारा दोन्ही एकाच खात्यात टाकतो. दोन देशांच्या वह्या एकत्र केल्या की हा घोळ दुणावतो. लशींच्या सुरक्षिततेचे अभ्यासक रॉबर्ट चेन यांनी सामायिक व्याख्यांची कल्पना मांडली ती 1999 सालीच, इंग्लंडातल्या ब्रायटनच्या परिषदेत. गटाच्या नावातलं गाव तिथलं.

आता मूळ मजकुराकडे. निकष तीन पातळ्यांत मांडले आहेत आणि वाचक इथे हमखास फसतो, कारण या पातळ्या आजाराच्या तीव्रतेच्या नाहीत. त्या आहेत खात्रीच्या. शस्त्रक्रियेत आतडं आत शिरलेलं प्रत्यक्ष दिसलं, किंवा हवेच्या वा द्रवाच्या एनिमाच्या तपासणीत ते दिसलं, की पहिली पातळी. मग ते मूल दुसऱ्या दिवशी हसत घरी गेलेलं का असेना. उलट, जिथे यंत्र नाही अशा दवाखान्यात एखादं बाळ अत्यवस्थ असेल, तरी त्याची नोंद दुसऱ्या किंवा तिसऱ्या पातळीत जाईल. हे कानाला निर्दय वाटतं. पण प्रश्न बाळाला किती सोसावं लागलं हा नसून आपल्याला कितपत ठाऊक आहे हा आहे, आणि लिहिणाऱ्यांनी ही शिस्त शेवटपर्यंत सोडलेली नाही.

दुसऱ्या पातळीसाठी दोन मोठी लक्षणं हवीत, नाहीतर एक मोठं आणि तीन लहान. तिसरीला चार लहान पुरतात. हिरवट-पिवळी, पित्ताची उलटी हा आतडं अडल्याच्या मोठ्या लक्षणाचा भाग. साधी उलटी हे लहान लक्षण. आणि लगेच बजावलेलं आहे की उलटी पित्ताची म्हणून एकदा मोठ्या खात्यात धरली असेल, तर तीच पुन्हा लहान खात्यात धरायची नाही. मला हे वाक्य फार आवडतं. पुराव्याची चणचण असली की माणूस एकच नाणं दोनदा मोजतो, हे ओळखून ते लिहिलेलं आहे. तितकीच नेमकी आहे ती शस्त्रक्रियेची अट: पोट उघडल्यावर अडथळ्याचं दुसरंच कारण सापडलं, तर आधीची सगळी लक्षणं जुळूनही नोंद बाद.

एक जागा मात्र मला खटकते. वय एका वर्षाच्या आत आणि मुलगा, हे दोन्ही मिळून एक लहान लक्षण धरलं आहे. हा विकार अशा बाळांत जास्त आढळतो हे खरं, पण त्यामुळे प्रत्येक तान्हा मुलगा एक गुण खिशात घालूनच दवाखान्यात येतो. चारांवर निभावणाऱ्या तिसऱ्या पातळीत हा गुण स्वस्त पडतो. आणि शौचाचं ते 'लाल करंटच्या जेली'सारखं वर्णन! वॉर्डातल्या किती डॉक्टरांनी ती जेली चाखली असेल? सुदैवाने शेजारीच 'शौचावाटे रक्त' असंही साधं लिहिलेलं आहे.

लशीचं नाव गाळण्याचा फायदा आपल्याकडेही दिसला. रोटाव्हायरसवरच्याच रोटाव्हॅक या भारतीय लशीची चाचणी दिल्ली, पुणे आणि वेल्लोरला 6,799 बाळांवर झाली. लस दोघांना तर प्लासिबो एकाला, असं प्रमाण. त्या लशीचा राष्ट्रीय लसीकरणात 2016 साली समावेश झाला आणि मग 10 राज्यांतल्या 27 रुग्णालयांनी जून 2019पर्यंत इंटससेप्शनची 970 बाळं नोंदवली. त्यांतल्या 589 बाळांच्या बाबतीत डोसनंतरचे 21 दिवस त्याच बाळाच्या इतर दिवसांशी ताडून पाहिले. पहिल्या डोसनंतर धोका वाढलेला दिसला नाही. आजाराची व्याख्या लशीवर बेतलेली असती, तर ते 'इतर दिवस' मोजायचे कशाने? आजार आधी, स्वतःच्या बळावर सिद्ध झाला. लशीची तारीख नंतर शेजारच्या रकान्यात आली.

या अभ्यासाने घेतली ती फक्त पहिल्या पातळीची बाळं. मोठी रुग्णालयं, सोनोग्राफी हाताशी, त्यामुळे ते बरोबरच झालं. पण त्यात व्याख्येचा सगळ्यात उदार भाग, म्हणजे यंत्र नसलेल्या ठिकाणासाठी लिहिलेल्या खालच्या दोन पातळ्या, पडूनच राहिल्या. अशा लक्षणांवर बेतलेल्या निकषांची पडताळणी मेलबर्न आणि हनोईच्या मुलांवर होऊन तिचे निष्कर्ष 2006 साली छापले गेले. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयांत ते निकष लावून पाहिले, तर तान्ह्या मुलग्याच्या त्या स्वस्त गुणाचंही काय ते कळेल.