‘अधांतर’ आणि शेजाऱ्याची नजर

गिरणगावावरचे लेखन वाचताना एक फरक आम्हांला सतत जाणवत आला आहे. ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहातला नारायण सुर्वे यांचा कामगार गरीब आहे, पण खजील नाही. त्याच्या हाताला काम आहे, पाठीशी युनियन आहे आणि कानात शाहीर अमर शेखांचा आवाज आहे. (अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, हे आपल्याच मुलांना पुन्हा सांगावे लागते!)

जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकात हा कामगार उरलेला नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास माणसे उतरली होती. नाटकात दिसते ती मात्र चाळीतली खोली आणि गिरणी कामगाराची मुले. एकाला लेखक व्हायचे आहे, एक क्रिकेटमध्ये बुडालेला, एक टोळीत गेलेला. याला बेकारीचे नाटक म्हणतात. आमच्या मते ते लाजेचे नाटक आहे. भुकेपेक्षा शेजाऱ्याची नजर या मुलांना अधिक छळते. क्रिकेट ही तोंड लपवायची जागा, साहित्य ही मोठे दिसायची. टोळीतल्याला निदान कोणी घाबरते, म्हणजे दखल घेते. आईला यातली एकही पळवाट नाही. पुढे फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला आणि ज्या फाटकातून बाप रोज कामाला जाई, तिथे मुलगा आत शिरावे की नाही म्हणून थबकू लागला.

पण ही लाज १९८२ नंतरच आली, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. विटाळाच्या नावाखाली दलित कामगारांना तिथे, जिथे मजुरी जास्त, प्रवेशच नव्हता. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. सुर्व्यांच्या कवितेतला ताठ कणा सर्वांच्या वाट्याला आला नव्हता, तो असा.

त्याच साचांवर मदनपुऱ्यातले मोमीन विणकरही होते. गिरणगावच्या साहित्यात ते जवळजवळ नाहीत, अशी आमची जुनी तक्रार आहे. संपानंतर त्यांच्या घरातला मुलगा कुठे तोंड लपवत होता, हे मराठीत लिहिलेले आमच्या वाचनात नाही. आणि साचेखात्याच्या दाराबाहेर अडवलेल्या माणसाकडे आमचे आजोबा कोणत्या नजरेने पाहत होते, तेही आम्ही अजून लिहिलेले नाही.