आपल्याच माणसांना खडसावणारे गाणे

ढोलकी, तुणतुणे, डफ, मागे झीलकरी. सामग्री सगळी तमाशाचीच. पण 1930 च्या दशकात नाशिकचे भीमराव कर्डक आणि त्यांचे सोबती आंबेडकरी जलसा घेऊन गावोगाव फिरू लागले, तेव्हा गणातून गणपतीचे स्तवन गेले आणि गौळणीतली छेडछाडही गेली. वाट सत्यशोधक जलशांनी आधीच पाडून ठेवली होती.

या जलशांबद्दल बोलताना व्यवस्थेवरचा त्यांचा हल्लाच तेवढा आठवला जातो. खरी धिटाई दुसरीकडे होती. मेलेले ढोर ओढू नका, त्याचे मांस खाऊ नका, दारू सोडा, पोरांना शाळेत घाला, असे हे शाहीर समोर बसलेल्यांनाच सांगत. ज्याच्या अंगणात खेळ करायचा, त्याच्याच पानातला घास काढून ठेवायला सांगायचे आणि वर त्याला हसवायचेही! एका जलशाची ताकद आपल्या दहा भाषणांएवढी, असे खुद्द बाबासाहेब म्हणाल्याचे सांगितले जाते. ते मोठेपण कर्डकांच्या गळ्याइतकेच या रोखठोकपणाचेही असावे.

अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी 1944 मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा रोख गिरणीमालकांकडे आणि सरकारकडे वळला. पठ्ठे बापूरावांनी मुंबईचा थाट गायला होता. अण्णाभाऊंच्या ‘मुंबईची लावणी’त त्याच शहराची दुसरी, उपाशी बाजू आली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक पुढे आयुष्यभर गात फिरले. त्यांच्या गाण्यांत बाबासाहेबांवरची माया आहेच, पण नेत्यांना आणि अनुयायांना काढलेले चिमटेही आहेत.

हे चिमटे कॅसेटच्या जमान्यात बोथट झाले. प्रल्हाद शिंदेंच्या घराण्याने भीमगीत घराघरांत नेले, हे काम लहान नव्हे. मात्र बाजार मोठा झाला तसे गाणे आरतीकडे झुकले. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या तालावर रस्ता आपला होतो; ज्यांना एकेकाळी त्याच रस्त्यावरून चालायची चोरी होती, त्यांच्यासाठी तो आनंद खराच. पण त्या भिंतीएवढ्या स्पीकरमधून ऐकणाऱ्याला टोचणारा प्रश्न क्वचितच येतो.

11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात 10 माणसे गेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. त्या धाग्यावरून आनंद पटवर्धनांनी 14 वर्षे चित्रीकरण करून 2011 मध्ये ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण केला आणि तो वस्त्यांमध्येही दाखवला गेला. त्यात शाहिरांचा जोश आहे, तशी चळवळीतली फाटाफूटही आहे. पुढच्याच वर्षी ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ रंगभूमीवर आले. संभाजी भगतांचे संगीत आणि जालन्याकडचे कलाकार असलेल्या या नाटकाने प्रेक्षागृहातल्या कुठल्याच गटाला नुसत्या टाळ्या वाजवत बसू दिले नाही. जलशाची जुनी खोड इथे पुन्हा दिसली.

चित्रकलेचा हिशेब वेगळा. ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करता करता सुधीर पटवर्धनांनी लोकल, इराण्याचे हॉटेल आणि बदलते लोअर परळ रंगवले. नागपूरच्या सावी सावरकरांनी गळ्यात मडके अडकवलेला अस्पृश्य आणि देवदासी अशा ओबडधोबड, जळजळीत रेषांत काढली की पाहणाऱ्याला सहानुभूतीचे सुखही मिळू नये. विक्रोळीचे विक्रांत भिसे आता दलित पँथरच्या आठवणी कॅनव्हासवर आणत आहेत. चित्रे जोरकस आहेत, पण ती पाहायला आर्ट गॅलरीची पायरी चढावी लागते.

कॅलेंडरला ती अडचण नाही. 6 डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कवर निळा कोट, लाल टाय, गोल चष्मा आणि हातात संविधान असलेले बाबासाहेब रबरबँड लावलेल्या गुंडाळीतून विकले जातात. शेजारी पुस्तके, बिल्ले, पंचशीलाचे झेंडे. गुंडाळी पिशवीत उभी खोचून माणसे रात्रीची गाडी पकडायला निघतात. सावी सावरकरांचे एचिंग मात्र या दुकानांत अजून दिसत नाही.